जड स्टिअरिंग: आधी अ‍ॅक्सल, मग पंप

पत्र असं आहे: "भाऊ, माझ्याकडे ऐंशीच्या दशकातला १६ हॉर्सपॉवरचा बागेचा छोटा ट्रॅक्टर आहे, हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या गिअरचा. अकरा वर्षं त्यानं तक्रार केली नाही. गेल्या वर्षी पुढे माती उचलायच्या बकेटचा लोडर बसवला आणि तेव्हापासून स्टिअरिंग इतकं जड झालंय की बकेट भरलेली असली की दोन्ही हातांनी ओढावं लागतं. उजवं मनगट आता रात्रीही ठणकतं. माझे दीर गॅरेज चालवतात. ते म्हणतात, 'वहिनी, जुन्या कारचा पॉवर स्टिअरिंगचा पंप पडलाय, एका रविवारी बसवून देतो.' मुलगा म्हणतो कारचा इलेक्ट्रिक कॉलम, म्हणजे व्हीलखालचा मोटर असलेला दांडा लावू, तेल-पाइपची भानगडच नको. आणि हे म्हणतात, विकून टाक. मला विकायचा नाही. कोणाचं ऐकू?"

ताई,

आधी मनगटाचं बोलू. रात्री ठणकणारं दुखणं अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि एक सवय आजपासूनच सोडा: ट्रॅक्टर जागेवर उभा असताना स्टिअरिंग फिरवायचं नाही. चाक फिरत असताना वळवलं की टायर जमिनीवर लोळत वळतो. उभ्या गाडीत तोच टायर जागच्या जागी जमिनीला घासत पिळला जातो, आणि ती सगळी पीळ तुमच्या मनगटात येते. किंचित पुढे-मागे सरकत वळायचं. हायड्रोस्टॅटिक गिअरला हे अगदी सोपं आहे, पेडल जरासं दाबलं की झालं. एवढ्यानंच तुम्हाला फरक कळेल.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य म्हणजे "लोडर बसवला आणि तेव्हापासून". ट्रॅक्टर अकरा वर्षं तोच होता, स्टिअरिंग तेच होतं, तुमचे हातही तेच होते. बदललं ते पुढच्या चाकांवरचं वजन. ते किती बदललं याचा अंदाज सहसा कोणाला येत नाही, म्हणून हिशोबच मांडतो. समजा तुमच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये १२० सेंटिमीटर अंतर आहे आणि बकेटचा मध्य पुढच्या अ‍ॅक्सलच्या ८० सेंटिमीटर पुढे आहे. बकेटमध्ये १०० किलो माती घेतली, तर पुढच्या चाकांवर १०० किलो वाढत नाहीत, सुमारे १६७ किलो वाढतात. वरचे ६७ किलो मागच्या चाकांवरून उचलले जातात, तराजूच्या दांडीसारखे. आणि हा झाला फक्त मातीचा हिशोब. लोडरचे हात, सांगाडा आणि खुद्द बकेट यांचं वजन रिकाम्या बकेटलाही तिथंच बसलेलं असतं. गवत कापायला बनवलेल्या पुढच्या अ‍ॅक्सलला हे सगळं नवीन आहे.

म्हणून मी सांगतोय ती पहिली दुरुस्ती स्टिअरिंगची नाहीच, ती ट्रॅक्टरच्या पाठीमागची आहे. मागे, अ‍ॅक्सलच्याही मागे, वजन टांगा. मागच्या अ‍ॅक्सलपासून ६० सेंटिमीटर मागे १०० किलोचा ठोकळा बसवला, तर पुढच्या चाकांवरचे ५० किलो कमी होतात आणि मागच्या चाकांना १५० किलोची पकड मिळते. मागच्या रिमला लावायची लोखंडी वजनं किंवा टायरमध्ये भरलेलं पाणी ही सोय चांगली आहे, पण त्यानं पुढचा भार उतरत नाही, कारण ते वजन अ‍ॅक्सलवरच बसतं. तरफ चालायला वजन अ‍ॅक्सलच्या मागेच हवं. लोडर वापरणाऱ्या प्रत्येकाला हे ठोकळ्याचं मी आग्रहानं सांगतो आणि स्टिअरिंग हे त्याचं दुय्यम कारण आहे. मागचं चाक हलकं झालेला ट्रॅक्टर उतारावर ब्रेकला दाद देत नाही, कारण या छोट्या ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्याच चाकांवर असतात. ठोकळा किती जड चालेल हे मात्र ट्रॅक्टरच्या मागच्या जोडणीची ताकद पाहून ठरवा.

आता तपासणी. सामान मोजायचा टांगता काटा घ्या, स्टिअरिंग व्हीलच्या कडेला अडकवा आणि व्हील ज्या दिशेनं फिरतं त्या दिशेनं ओढा. चाकं वळायला लागतात तेव्हा काटा किती दाखवतो ते लिहून ठेवा. रिकाम्या बकेटला एकदा, भरलेल्या बकेटला एकदा. प्रत्येक दुरुस्तीनंतर हेच पुन्हा मोजायचं. "थोडं हलकं वाटतंय" यावर विसंबू नका. खर्च आणि कष्ट करून झाल्यावर मनाला हलकं वाटायचंच असतं.

मग पुढचा अ‍ॅक्सल उचला. बकेट आधी जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. लोडर असलेल्यांना एक मोह होतो: बकेट जमिनीवर दाबायची, पुढची चाकं आपोआप उचलली जातात, की लगेच खाली हात घालायचा. हे कधीही करू नका. ते वजन फक्त तेलाच्या दाबावर उभं असतं. जॅकनं उचला आणि अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांखाली पक्के स्टँड लावा.

चाकं हवेत आल्यावर ड्रॅग लिंक सोडवा, म्हणजे स्टिअरिंग गिअरपासून चाकाकडे जाणारा तो लांब रॉड. आता तुमचा प्रश्न दोन तुकड्यांत वेगळा झाला. चाकं हातानं डावी-उजवी वळवून पाहा, दोन बोटांनी सहज फिरायला हवीत. अडखळत असतील तर स्पिंडलचे (चाक ज्या उभ्या दांड्यावर वळतं त्याचे) बुश, म्हणजे त्याभोवतीच्या नळ्या, कोरडे तरी पडलेत, गंजलेत, किंवा खाल्ले गेलेत. मग नुसतं स्टिअरिंग व्हील फिरवा. तेही या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं फिरायला हवं. तुमच्या ट्रॅक्टरला बहुधा सेक्टर गिअर असणार, म्हणजे अर्ध्या चकतीवर दाते आणि त्यावर चालणारं छोटं पिनियन. त्यातले मधले दाते जास्त झिजतात, कारण ट्रॅक्टर बराच वेळ सरळ चालतो. मध्यभागी ढिलं आणि टोकाला घट्ट लागत असेल तर तेच कारण.

शेवटी चाकाला वरून आणि खालून धरून हलवा. स्पिंडल बुशमध्ये खडखड करत असेल तर बुश बदलायलाच हवेत. स्पिंडललाच खाच पडली असेल तर नव्या बुशनं काही साधणार नाही. एखाद्या चांगल्या टर्नरकडून स्पिंडल भरून, खरादून घ्यावा लागेल किंवा नवा घ्यावा लागेल. अ‍ॅक्सलच्या मधली पिन, ज्यावर सगळा अ‍ॅक्सल डोलतो, तीही त्याच वेळी बघा. लोडरचा मार सगळ्यात जास्त तिला बसतो आणि ती कोणाला आठवत नाही.

इथे एक बारकावा आहे. चाकं हवेत हलकी फिरली म्हणून स्पिंडल निर्दोष ठरत नाही. ट्रॅक्टरचं वजन स्पिंडलवर जिथं बसतं तिथं बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांना साधा वॉशर असतो, लोखंडावर लोखंड. हवेत त्यावर भारच नसतो, त्यामुळे तो गप्प असतो. चाकं टेकली, वर लोडर आला, की तोच वॉशर ब्रेकसारखा धरतो. त्याच्या जागी थ्रस्ट बेअरिंग बसवा. पातळ सुयांसारख्या रोलरची चपटी चकती आणि तिच्या वर-खाली कडक पोलादाच्या दोन वॉशर. चकती २ मिलिमीटर आणि वॉशर प्रत्येकी १ मिलिमीटर धरली, तर एकूण जाडी ४ मिलिमीटर होते. जुना वॉशर एवढाच जाड असेल तर बाकी काही न बदलता ते बसून जातं. मागवण्याआधी स्पिंडलचा व्यास व्हर्निअरनं मोजा. इंचाच्या मापाचा स्पिंडल २५.४ मिलिमीटरचा असतो आणि २५ मिलिमीटरचं बेअरिंग त्यावर चढत नाही. ते ०.४ मिलिमीटर घासून काढायच्या भानगडीत पडू नका, इंचाच्या मापाची बेअरिंगंही मिळतात. आत माती जाऊ नये म्हणून बाहेरून रबरी रिंग बसवा आणि ग्रीस नेमानं भरा. सुयांमध्ये माती गेली तर काही दिवसांत बेअरिंगचा भुगा होतो. ग्रीसचं निप्पल नसेल तर स्पिंडल बाहेर काढलेला आहे तोवरच छिद्र पाडून ते बसवून घ्या.

टायर पाहा. लोडर बसवल्यावरही पुढच्या टायरमध्ये गवत कापतानाचीच हवा असेल, तर टायर बसका होतो, जमिनीला जास्त जागा टेकतो आणि वळताना जास्त घासतो. टायरच्या बाजूला कमाल दाब छापलेला असतो, त्याच्या आत राहून हवा वाढवा. चाकांची तोंडं पुढून किंचित आत वळलेली हवीत. दोन्ही चाकांमधलं अंतर मागच्या बाजूपेक्षा पुढच्या बाजूला ३ ते ६ मिलिमीटर कमी असलं की पुरे.

एवढं सगळं झाल्यावर पुन्हा काटा लावा. पुष्कळांचं काम इथंच संपतं. तुमचंही संपलं, तर दिरांचा पंप पडू द्या गॅरेजात.

पंपाची एवढी घाई करू नका असं मी का सांगतोय, त्यामागे माझ्या हातून घडलेली एक चूक आहे. माझ्या स्वतःच्या जुन्या ट्रॅक्टरला मी पंप, स्टिअरिंग युनिट, सिलिंडर सगळं आधी बसवलं. बुश खडखडत होते, ते नंतर पाहू म्हटलं. दोन महिने स्टिअरिंग एका बोटानं फिरत होतं आणि मी खूश होतो. मग एके दिवशी उतारावर, भरलेली बकेट, डावं चाक एका दगडाला टेकलेलं, आणि मी वळवतच राहिलो. हाताला काहीही कळलं नाही. स्टिअरिंगच्या आर्मचं, म्हणजे चाक वळवणाऱ्या आडव्या दांड्याचं, वेल्डिंग सुटलं आणि एक चाक डावीकडे, दुसरं उजवीकडे तोंड करून उभं राहिलं. बकेट खाली होती म्हणून ट्रॅक्टर आडवा झाला नाही. जड स्टिअरिंगमधून पुढचा अ‍ॅक्सल आपल्याशी बोलत असतो. दगड लागला, बुश गेला, वजन जास्त झालं, हे सगळं तो हातांना सांगतो. पॉवर स्टिअरिंग बसवलं की हे बोलणं बंद होतं. म्हणून त्याआधी त्याचं सगळं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. त्या दिवसापासून मी कोणालाही ढिल्या अ‍ॅक्सलवर पंप बसवायला सांगितलेलं नाही.

आता समजा, सगळं करूनही भरलेल्या बकेटला काटा तुमच्या मनगटाला झेपणार नाही असा आकडा दाखवतोय. लोडरचं काम रोजचं असेल तर हे शक्य आहे. मग पॉवर स्टिअरिंग बसवणं हा लाड नव्हे. मुलाचं ऐकायचं की दिरांचं, ते आता पाहू.

मुलाची कल्पना वाईट नाही. कारच्या इलेक्ट्रिक कॉलममध्ये मोटर, हाताचा जोर ओळखणारा सेन्सर आणि मेंदूचा डबा असतो. काही गाड्यांचे कॉलम असे आहेत की वेगाचा सिग्नल मिळाला नाही तरी ते एक ठरावीक मदत देत राहतात, आणि लोक असेच कॉलम शोधून जुन्या गाड्यांना लावतात. याचा मोठा गुण म्हणजे वीज गेली तरी स्टिअरिंगची लोखंडी जोडणी अखंड राहते, फक्त पुन्हा जड होते. पण तुमच्या ट्रॅक्टरला दोन अडचणी आहेत. जोर लागतो तेव्हा ही मोटर १२ व्होल्टवर ३० ते ५० अँपिअर ओढू शकते. जुन्या छोट्या इंजिनाचं चार्जिंग साधारण ३ ते १५-२० अँपिअरचं असतं. मोटर सतत जोरात चालत नाही, त्यामुळे बॅटरी सांभाळून घेते, पण लोडरच्या कामात वळणंच वळणं असतात. दुसरी अडचण मला जास्त खटकते. कॉलमची सगळी ताकद जाणार ती तुमच्या त्याच झिजलेल्या पिनियन आणि सेक्टर गिअरमधून. ते दाते माणसाच्या हाताच्या जोराला बनवलेत. नुसतं गवत कापणाऱ्या ट्रॅक्टरला मी इलेक्ट्रिक कॉलम सुचवीन. लोडरला नाही.

तेलाच्या पद्धतीत सिलिंडर थेट चाकाच्या आर्मला ढकलतो आणि जुना गिअर वाटेतून बाजूलाच होतो. म्हणून तुमच्यासाठी माझा कौल दिरांच्या बाजूनं आहे. मात्र एका रविवारात नाही, आणि नुसत्या पंपावरही नाही.

पंपाबरोबर लागतं ते स्टिअरिंग युनिट. हे व्हीलच्या खाली बसतं. आत एक छोटा गिअरसारखा मापाचा पंप असतो, तो व्हीलच्या प्रत्येक फेऱ्याला मोजून तेल सिलिंडरकडे पाठवतो. त्याला चार तोंडं: पंपाकडून येणारं, टाकीकडे जाणारं, डावं आणि उजवं. तुमच्या कामासाठी ते ओपन सेंटर प्रकारचं हवं, म्हणजे व्हील स्थिर असताना तेल अडून न राहता टाकीकडे परत वाहतं. कारचा पंप याच पद्धतीचा असतो.

मापं ठरवताना लोक सिलिंडर नेहमी मोठा घेतात. घेऊ नका. ३२ मिलिमीटर बोअरचा (आतला व्यास), १६ मिलिमीटर रॉडचा, १५० मिलिमीटर स्ट्रोकचा (रॉड सरकतो ते अंतर) सिलिंडर धरा. ५० बार दाबाला तो एका बाजूनं साधारण ४०० किलो जोरानं ढकलतो आणि रॉडच्या बाजूनं सुमारे ३०० किलोनं ओढतो. बागेच्या ट्रॅक्टरच्या चाकाला हा जोर भरपूर झाला. ४० मिलिमीटरचा घेतलात तर तोच दाब ६०० किलोच्या पुढे जातो, आणि मग माझ्या ट्रॅक्टरसारखं होतं. या ३२ मिलिमीटरच्या सिलिंडरमध्ये एका बाजूला सुमारे १२० आणि रॉडच्या बाजूला सुमारे ९० घनसेंटिमीटर तेल मावतं. फेऱ्याला ३२ घनसेंटिमीटर देणारं युनिट लावलं, तर एका दिशेनं टोकापासून टोकापर्यंत पावणेचार फेरे आणि उलट दिशेनं पावणेतीनच लागतील. हा बिघाड नाही, रॉडनं जागा अडवल्याचा परिणाम आहे, पण आधी माहीत नसेल तर माणूस चक्रावतो. दोन्हीकडे सारखे फेरे हवे असतील तर दोन्ही टोकांना रॉड बाहेर येणारा सिलिंडर घ्यावा लागतो.

तेल किती लागतं? सेकंदाला एक फेरा, म्हणजे घाईघाईनं फिरवलं, तरी मिनिटाला दोन लिटरच्या आत. कारचा पंप याच्या कितीतरी जास्त तेल देतो. म्हणजे इंजिन मंद चालत असतानाही तो कमी पडायचा नाही. मिनिटाला ८ लिटर ५० बारला धरलं तरी ती दोन-तृतीयांश किलोवॅटची ताकद झाली, साधारण एक हॉर्सपॉवर, तीही टोकाला दाबून धरलं तेव्हाच. तुमच्या १६ मधून ती सहज निघेल.

दिरांना मात्र तीन गोष्टी नक्की विचारा. पंप कोणत्या दिशेनं फिरतो, आणि ट्रॅक्टरवर तो त्याच दिशेनं फिरेल का? बहुतेक पंप उलटे फिरवले तर तेल देत नाहीत. दुसरं, पंपातला रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब फार वाढला की तेल सोडून देणारी झडप, किती बारला उघडतो? कारच्या पंपात तो ७० ते १०० बारला असतो, तुमच्या जुन्या अ‍ॅक्सलला ते जास्त आहे. पंप आणि युनिटच्या मध्ये वेगळा रिलीफ व्हॉल्व्ह बसवा, गेज लावून ४० बारपासून सुरुवात करा, आणि भरलेल्या बकेटला वळलं नाही तरच थोडं थोडं वाढवा. माझ्या मते ५० च्या वर जायची गरज पडू नये. तिसरं, बेल्ट कुठून घेणार? पुली इंजिनाच्या बेअरिंगला जितकी जवळ तितकी चांगली. क्रँकच्या टोकावर लांब बाहेर काढलेली पुली बेल्टच्या ताणानं बेअरिंग खाते.

कोणी तरी म्हणेल, वेगळा पंप कशाला, हायड्रोस्टॅटिक गिअरमध्ये तेल आहेच, लोडर त्यावरच चालतो ना, त्यातूनच स्टिअरिंग जोडा. नको. त्या गिअरला आत एक चार्ज पंप तेल पुरवत असतो. चुकीच्या जागी वाट अडवली आणि तो दाब पडला, तर गिअर तेलाविना चालतो आणि आतून खरवडतो. स्टिअरिंगसाठी झालेली बचत गिअरच्या दुरुस्तीत जाईल. स्टिअरिंगला स्वतःचा पंप, स्वतःची टाकी आणि परतीच्या पाइपवर फिल्टर. कारमध्ये सगळं मिळून साधारण लिटरभर तेल असतं, तुम्ही तीन-चार लिटरची टाकी लावा, म्हणजे तेल थंड राहील, आणि ती पंपापेक्षा उंचावर ठेवा. तेल तेच घाला जे त्या पंपाला लागतं.

सिलिंडर कुठे अडकवायचा, यात सगळ्यात जास्त चुका होतात. त्याचं मागचं टोक ट्रॅक्टरच्या चेसिसला बांधू नका. पुढचा अ‍ॅक्सल मधल्या पिनवर डोलतो. सिलिंडर चेसिसला असेल तर एक चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग आपोआप वळेल. सिलिंडर अ‍ॅक्सलवरच बसवायचा, दोन्ही टोकांना बॉल जॉइंट, आणि चाकं सरळ असताना चाकाचा आर्म सिलिंडरशी काटकोनात. आर्म १२ सेंटिमीटरचा असेल तर १५० मिलिमीटरच्या स्ट्रोकमध्ये चाक दोन्ही बाजूंना ३८ अंशांपर्यंत वळतं. अ‍ॅक्सलवरचे लोखंडी अडथळे लागण्याच्या किंचित आधी सिलिंडरचा स्ट्रोक संपायला हवा. मग टोकाला गेल्यावर सगळा जोर सिलिंडरच्या पोटातच जिरतो, दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडवर येत नाही. टाय रॉड जुना, बारीक असेल तर तो त्याच वेळी जाड करून घ्या.

कधी कधी याहून सोपी वाट निघते. ऐंशीच्या दशकातल्या काही मोठ्या बाग-ट्रॅक्टरांना कारखान्यातूनच पॉवर स्टिअरिंग होतं, जॉन डिअर ३१८ हे त्यातलं माहितीतलं नाव. तुमच्याच कंपनीच्या अशा एखाद्या मॉडेलचा भंगारात निघालेला पुढचा अ‍ॅक्सल, युनिट आणि सिलिंडर एकत्र मिळाले, तर मापं जुळवण्याचा अर्धा त्रास वाचतो. पण घेण्याआधी अ‍ॅक्सलची रुंदी, मधल्या पिनचा व्यास आणि चेसिसमधली जागा मोजून जा.

एक गोष्ट तुम्हाला नीट समजून घ्यायला हवी. या पद्धतीत व्हील आणि चाकं यांच्यात लोखंडी दुवा राहत नाही, फक्त तेल राहतं. इंजिन बंद पडलं तर हातानं फिरवून युनिट स्वतःच पंपासारखं तेल ढकलतं, जड जातं पण चाकं वळतात. पाइप फुटला तर मात्र काहीच वळत नाही. म्हणून पाइप नवेच घ्या, भंगारातले नकोत. सायलेन्सर आणि बेल्टपासून लांब ठेवा, आणि अ‍ॅक्सल पूर्ण डोलला, चाकं पूर्ण वळली तरी ताणले जाणार नाहीत इतके सैल ठेवा. ट्रॅक्टर सार्वजनिक रस्त्यावर न्यायचा असेल, तर असा बदल चालतो का हे काम सुरू करण्याआधी विचारून घ्या.

गळती शोधताना हात फिरवू नका. दाबाखालचं तेल सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघतं आणि कातडीच्या आत शिरतं. वरून टाचणी टोचल्याइतकं दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर तडक दवाखाना, आणि "तेल आत गेलंय" हे शब्द डॉक्टरांना सांगायचेच, कारण त्याला तातडीनं शस्त्रक्रिया लागते. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधायची. मुलाला आणि दिरांनाही हे वाचून दाखवा.

पहिली चाचणी चाकं स्टँडवर हवेत ठेवूनच. इंजिन मंद, टाकी भरलेली, व्हील या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश, पंधरा-वीस वेळा. हवा निघेपर्यंत तेलात फेस येईल आणि टाकीतली पातळी खाली जाईल, भरत राहा. व्हील डावीकडे आणि चाकं उजवीकडे वळली तर डावा-उजवा पाइप अदलाबदल करा. हे जमिनीवर उतरल्यावर कळलं तर फार महाग पडतं. व्हील टोकाला नेऊन तिथंच दाबून धरू नका, तेल तापतं. आणि वळणातून बाहेर येताना व्हील स्वतःहून सरळ होणार नाही, तुम्हीच सरळ करायचं. पहिले काही दिवस मोकळ्या जागेत, रिकाम्या बकेटनं चालवा, हाताला सवय होईल.

व्हीलवर फिरवायची मूठ लावायचा मोह होईल, कारण एका हातानं चालवणं त्यानं सोपं जातं. सध्याच्या लोखंडी स्टिअरिंगवर ती लावू नका. चाक दगडाला लागलं की व्हील झटक्यानं फिरतं आणि मूठ मनगटावर बसते, आणि तुमचं मनगट आधीच दुखावलेलं आहे. तेलाच्या स्टिअरिंगमध्ये तो झटका हातापर्यंत येत नाही, तेव्हा जरूर लावा.

राहिलं तुमच्या यजमानांचं म्हणणं. विकायचं की नाही, हे पुढचा अ‍ॅक्सल उघडल्यावर ठरवा. अ‍ॅक्सललाच तडा असेल, मधल्या पिनचं भोक लांबट झालं असेल आणि स्पिंडलही गेले असतील, तर त्यांचं म्हणणं मी खोडणार नाही. निदान लोडर तरी या ट्रॅक्टरवरून उतरवा. पण फक्त बुश, वॉशर आणि गिअरचे दाते झिजले असतील, तर अकरा वर्षं तक्रार न करणारं यंत्र एवढ्यासाठी घालवू नका.

मागचा ठोकळा आणि टायरची हवा या आठवड्यात होईल. थ्रस्ट बेअरिंगला दिरांचा तो एक रविवार द्या. मग काट्याचे आकडे मला कळवा: आधीचे दोन, ठोकळ्यानंतरचे दोन, बेअरिंगनंतरचे दोन, आणि सोबत स्पिंडलचा व्यास, चाकाच्या आर्मची लांबी आणि अ‍ॅक्सलची रुंदी. त्यावरून सिलिंडर लागेल का, आणि लागला तर कोणत्या मापाचा, ते मी तुम्हाला लिहून पाठवतो.